शेलमधील रंध्रे: दर्शन आणि प्रमाण

शेल म्हणजे चिखलाच्या सूक्ष्म कणांपासून बनलेला आणि थरांच्या पातळीत सहज फुटणारा अवसादी खडक. रंध्र म्हणजे खडकातील घन द्रव्याने न व्यापलेली जागा. खडकाच्या एकूण घनफळात अशा जागांचा जो वाटा असतो त्याला सच्छिद्रता म्हणतात, आणि त्या जागांमधून द्रायू वाहू देण्याच्या खडकाच्या क्षमतेला पार्यता म्हणतात. या दोन राशी एकीवरून दुसरी काढता येईल अशा नाहीत. शेलची सच्छिद्रता काही टक्के असू शकते, पण त्याची पार्यता नॅनोडार्सीत मोजावी लागते. वालुकाश्मातील नेहमीच्या वायुसाठ्यांची पार्यता मिलिडार्सीत मोजतात, आणि नॅनोडार्सी हे एकक मिलिडार्सीच्या एक दशलक्षांश इतके लहान आहे. म्हणून शेलमध्ये जागा किती आहे याइतकाच ती कोठे आहे, केवढ्या तुकड्यांत विभागली आहे आणि ते तुकडे परस्परांशी जोडलेले आहेत की नाहीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

रंध्रांचे विभाजन दोन तत्त्वांवर होते. पहिले तत्त्व आकारमानाचे. आययूपॅक या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेच्या वर्गीकरणानुसार २ नॅनोमीटरहून कमी रुंदीची ती सूक्ष्मरंध्रे, २ ते ५० नॅनोमीटर रुंदीची ती मध्यरंध्रे आणि त्याहून मोठी ती स्थूलरंध्रे. मिथेनच्या रेणूचा व्यास सुमारे ०.३८ नॅनोमीटर धरतात; म्हणजे सूक्ष्मरंध्राच्या कमाल रुंदीत जेमतेम पाच रेणू ओळीने मावतील. दृश्य प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता २०० नॅनोमीटरच्या आसपास थांबते. पहिले दोन वर्ग पूर्णतः आणि तिसऱ्याचा काही भाग तिच्या पलीकडे राहतो. ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची गरज झाली. त्याचे प्रामाण्य मात्र याने सिद्ध होत नाही.

दुसरे तत्त्व स्थानाचे. टेक्सासमधील रॉबर्ट लाउक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात तीन प्रकार येतात: (१) खनिजकणांच्या मधली रंध्रे, (२) खनिजकणांच्या आतली रंध्रे, आणि (३) सेंद्रिय द्रव्यातील रंध्रे. भेगा त्यांनी या तीनही प्रकारांबाहेर ठेवल्या. हे विभाजन केवळ वर्णनाच्या सोयीचे नाही. खनिजाच्या भिंती सामान्यतः पाण्याने ओलावतात. सेंद्रिय द्रव्याच्या भिंती तेल आणि वायू यांना जवळ करतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावर मिथेन अधिशोषित होऊन राहतो. म्हणून समान रुंदीच्या दोन रंध्रांचे कार्य स्थानभेदाने भिन्न होऊ शकते. रुंदी मोजण्याच्या इतर रीती आहेत. स्थान सांगायला मात्र प्रतिमाच लागते.

आता प्रतिमेच्या प्रामाण्याचा विचार. दर्शनाच्या तीन पायऱ्या आहेत: पृष्ठभाग तयार करणे, तो पाहणे आणि पाहिलेल्याचा अर्थ लावणे. दोष बहुधा पहिल्या पायरीवर शिरतो आणि तिसऱ्या पायरीवर निष्कर्षाच्या रूपाने बाहेर पडतो.

पृष्ठभाग तयार करण्याची जुनी रीत खडक फोडण्याची किंवा घासून गुळगुळीत करण्याची. फुटलेला पृष्ठभाग दुर्बल जागांमधूनच गेलेला असतो. तो खडकाचा यदृच्छ छेद नव्हे. घासण्यात दुसरा दोष आहे. शेलमध्ये क्वॉर्ट्झसारखी कठीण खनिजे, मऊ मृद्-खनिजे आणि त्याहून मऊ सेंद्रिय द्रव्य शेजारी शेजारी असतात. चिक्की कापताना अख्खा शेंगदाणा उपटून येतो आणि मागे खळगा राहतो, तसा येथे कण उपटला जातो व त्याचा खळगा रंध्र म्हणून मोजला जातो. उलट, मऊ द्रव्य फासले जाऊन खरी रंध्रे बुजतात. एकाच क्रियेतून नसलेले दिसते आणि असलेले झाकले जाते, त्यामुळे या दोन चुका परस्परांना खोडतील अशी आशा करणे व्यर्थ आहे.

या अडचणीवर उपाय आर्गॉन आयनांच्या शलाकेचा. आयन पृष्ठभागावर आदळून अणू उडवतात, घासत नाहीत. म्हणून कठीण आणि मऊ द्रव्य जवळजवळ एका पातळीत कापले जाते. या रीतीने तयार केलेल्या बार्नेट शेलच्या नमुन्यांवरील लाउक्स, रीड, रुपेल आणि जार्वी यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बार्नेट हा टेक्सासमधील मिसिसिपियन कालखंडाचा शेल. त्यातील बहुसंख्य नॅनोरंध्रे सेंद्रिय कणांच्या आत आढळली. त्यांची रुंदी ५ ते ७५० नॅनोमीटर आणि मध्यक सुमारे १०० नॅनोमीटर होता. काही सेंद्रिय कणांत अंतर्गत सच्छिद्रता २० टक्क्यांपर्यंत भरली. वायू कोठे राहतो या प्रश्नाचे उत्तर खनिजकणांमधल्या जागेकडून सेंद्रिय द्रव्याकडे वळले ते येथून.

अशी प्रतिमा वाचायची कशी? पश्चप्रकीर्ण, म्हणजे नमुन्यावर आदळून मागे उसळलेल्या, इलेक्ट्रॉनांच्या प्रतिमेत उजळपणा सरासरी अणुक्रमांकावर अवलंबून असतो. पायराइटच्या स्फटिकांचे गोलाकार पुंजके जवळजवळ पांढरे दिसतात आणि त्यांच्या स्फटिकांमध्येही बारीक रंध्रे असतात. क्वॉर्ट्झ आणि मृद्-खनिजे करड्या छटांत येतात, सेंद्रिय द्रव्य गडद काळे. पेच येथेच आहे, कारण रंध्रही काळे. केवळ छटेच्या आधारे संगणकाकडून रंध्रे मोजवली, तर सेंद्रिय द्रव्याचा काही भाग रंध्रांच्या खाती जमा होतो. द्वितीयक, म्हणजे नमुन्यातून बाहेर पडलेल्या, इलेक्ट्रॉनांची प्रतिमा शेजारी ठेवली की रंध्राची कड उजळ दिसते आणि भेद उलगडतो. तरी एक शंका उरते: उथळ रंध्राच्या तळाची भिंत आतून दिसते आणि संगणक तिला घन भाग समजतो. छटांची सीमारेषा शेवटी माणूसच ठरवतो, आणि ती थोडी सरकवली की सच्छिद्रतेचा आकडा बदलतो. हे प्रसिद्ध आकड्यांसोबत नेहमी सांगितले जाते असे नाही.

दिसलेली पोकळी खडकाची आहे की प्रयोगशाळेची, हे ठरवण्याच्या कसोट्या पुढीलप्रमाणे. पहिली: ती सेंद्रिय कणाच्या कडेने चंद्रकोरीसारखी पसरली असेल, तर वाळताना कण आकसल्याचा संशय घ्यावा. दुसरी: थराला समांतर लांब भेग असेल, तर खोलीतून वर आणताना सुटलेल्या दाबाचा परिणाम मानावा, जोवर तिच्यात खनिज किंवा बिट्युमेन (सेंद्रिय द्रव्यापासून झालेला डांबरासारखा पदार्थ) भरलेले दिसत नाही. तिसरी: एकाच दिशेने ओढलेल्या समांतर रेघा आयनशलाकेच्या असतात. चौथी: नमुन्यावर वीजभार साचू नये म्हणून दिलेला धातूचा किंवा कार्बनचा लेप काही नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि तेवढ्याच रुंदीची रंध्रे त्याखाली जातात. पाचवी: इलेक्ट्रॉनांची शलाका एका जागी फार काळ रोखली, तर सेंद्रिय द्रव्य स्वतःच बदलते. याशिवाय नमुना निर्वातात ठेवावा लागतो. पाणी आणि हलके तेल तेथे टिकत नाही. म्हणून रिकामे दिसलेले रंध्र खडकात असतानाही रिकामेच होते, असे अनुमान करता येत नाही.

उत्पत्तीचा प्रश्न याहून बिकट आहे. सेंद्रिय रंध्रे औष्णिक परिपक्वतेशी, म्हणजे उष्णतेने सेंद्रिय द्रव्य किती बदलले याच्याशी, निगडित आहेत, हे बार्नेटवरून दिसले: उष्णतेने केरोजेनचे, म्हणजे खडकातील घन सेंद्रिय द्रव्याचे, तेल व वायू होतात, द्रव्य निघून जाते आणि पोकळी उरते. परंतु ओक्लाहोमातील वुडफर्ड शेलमध्ये एकाच परिपक्वतेचे दोन सेंद्रिय तुकडे शेजारी असून एक रंध्रयुक्त आणि दुसरा पूर्ण भरीव, असे आढळले. म्हणून परिपक्वता हे कारणांपैकी एक होय, एकमेव नव्हे. मूळ द्रव्याचा प्रकार वेगळा असू शकतो. त्यांतील एखादा तुकडा मुळात गाळाबरोबर आलेला नसून नंतर वाहत येऊन थिजलेले बिट्युमेनही असू शकतो. नुसत्या करड्या प्रतिमेत मूळ द्रव्य आणि असे बिट्युमेन दोन्ही काळेच दिसतात.

द्विमितीय छेदातून जोडणी कळत नाही. त्यासाठी गॅलियम आयनांच्या केंद्रित शलाकेने नमुन्याचे सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे काप एकामागून एक काढतात, प्रत्येक कापानंतर प्रतिमा घेतात आणि त्या रचून त्रिमितीय आकृती उभी करतात. समजा, अशा आकृतीची प्रत्येक बाजू ५ मायक्रोमीटर आहे. तिचे घनफळ १२५ घन मायक्रोमीटर होते, आणि एका घन सेंटिमीटर खडकात असे ८०० कोटी ठोकळे मावतात. पाहिलेला ठोकळा एखाद्या सेंद्रिय कणात पडला तर सच्छिद्रता बरीच येते, क्वॉर्ट्झच्या कणात पडला तर शून्य. ठोकळा निवडताना संशोधक साहजिकच जेथे रंध्रे दिसतात तेथे जातो, हा कल वेगळाच. त्यात आणखी, रंध्रांना जोडणारी नळी उपकरणाच्या विभेदनक्षमतेहून अरुंद असेल, तर जोडलेली रंध्रे एकाकी दिसतात. अशा आकृतीवरून काढलेली पार्यता बहुधा त्या ठोकळ्याचीच असते.

म्हणून प्रतिमेला दुसऱ्या मोजणीची जोड देतात. ७७ केल्व्हिनवरील नायट्रोजनच्या अधिशोषणातून मुख्यतः मध्यरंध्रांचा अंदाज येतो. सुमारे ४१३ मेगापास्कल दाबाने पारा घुसवला, तर साधारण ३ नॅनोमीटर रुंदीच्या मुखांपर्यंत तो पोहोचतो. पण नायट्रोजन आणि पारा बाहेरून पोहोचता येणारी रंध्रेच मोजतात, सूक्ष्मदर्शक बंद रंध्रेही दाखवतो. पारा रंध्राचे मुख मोजतो, सूक्ष्मदर्शक पोट. शिवाय एवढ्या दाबाखाली शेल स्वतःही दबतो. या तीन रीतींचे आकडे एका आलेखावर मांडले की ते जुळत नाहीत, आणि जुळावेत अशी अपेक्षाही नव्हती. त्यांच्यातील तफावत प्रत्येक रीतीच्या सीमेपर्यंत मागे नेऊन समजावता आली, तरच त्या आलेखातील कोणताही आकडा वापरण्यास मोकळा होतो.