चिरंजीव वीर आणि त्यांचे मर्त्य निर्माते

वीरकथेला शेवट असतो ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, तिचा निराळा विचार करण्याचें आपणांस कारण पडत नाहीं. व्याधाच्या बाणानें श्रीकृष्णाचा अवतार संपतो. राम शरयूच्या पाण्यांत शिरतो. कर्णाच्या रथाचें चाक भूमि गिळते. हे शेवट नसते तर त्या चरित्रांना आज आहे तो आकार आला नसता. उलटपक्षीं, ज्याला मरण नाहीं त्या अश्वत्थाम्याला आपल्या परंपरेनें कपाळावर भळभळती जखम देऊन रानोमाळ फिरत ठेविलें. चिरंजीवित्व हें वरदान असूं शकतें, तसेंच तें शापहि असूं शकतें, ही जाणीव आपल्या कथाकारांना होती. गेल्या शतकांत अमेरिकेंत जें नवें वीरमंडळ जन्मास आलें, त्याच्या वांट्याला मात्र चिरंजीवित्व आलें तें कोणा देवाच्या वरानें नव्हे, तर एका खरेदीपत्रानें. त्या खरेदीपत्राची व त्याच्या परिणामांची हकीकत येथें सांगावयाची आहे.

सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन हीं नांवें आज मराठी घरांतील मुलांस ठाऊक आहेत, तीं बहुतेक चित्रपटांमुळें. परंतु चित्रपट ही त्यांची मागाहूनची वस्ती. त्यांचें मूळ घर म्हणजे दरमहा निघणारी चित्रकथांची पातळ रंगीत पुस्तिका. घरांतील वडील मंडळी या पुस्तिकांकडे पोरखेळ म्हणून पाहतात, आणि त्यांतील पुष्कळशा तशा आहेतहि. प्रस्तुत लेखक त्यांचा जुना आणि अद्यापि तो नाद न सुटलेला वाचक आहे. तरीहि त्या सर्व चांगल्या आहेत असें म्हणण्याचें धाडस तो करणार नाहीं. त्याचें म्हणणें एवढेंच कीं, यांतील चांगलें कोणतें आणि वाईट कोणतें हें ओळखण्याची एक कसोटी आहे, व ती या वाङ्मयाच्या इतिहासांतच सांपडते.

ओहायो राज्यांतील क्लीव्हलंड शहरीं जेरी सीगल व जो शुस्टर हे दोन यहुदी तरुण राहत असत. दोघांचाहि जन्म १९१४ चा. दोघेहि बाहेरून अमेरिकेंत आलेल्या कुटुंबांतले. एक लिही, दुसरा चित्रें काढी. परग्रहावरून आलेल्या, एरव्हीं बुजऱ्या बातमीदाराचें सोंग घेऊन वावरणाऱ्या एका बलाढ्य पुरुषाची त्यांची कथा कित्येक वर्षें प्रकाशकांच्या दारांतून परत येत होती. अखेर १९३८ च्या मार्च महिन्यांत एका प्रकाशन-संस्थेनें ती घेतली. १३ पानांचे १३० डॉलर त्यांच्या हातीं पडले, आणि तेवढ्या मोबदल्यांत त्यांनीं सुपरमॅनचे सर्व हक्क लिहून दिले. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक जून १९३८ या तारखेनें निघाला, किंमत १० सेंट. मुखपृष्ठावर सुपरमॅन एक हिरवी मोटार उचलून खडकावर आपटीत आहे. तेथून या प्रकाराची लाट उसळली. १९३९ सालीं बॅटमॅन आला, १९४१ सालीं वंडर वुमन आली. आणि त्याच वर्षीं, अमेरिका युद्धांत उतरण्यापूर्वींच, कॅप्टन अमेरिकेनें आपल्या पहिल्या मुखपृष्ठावर हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावला.

निर्मात्यांचें पुढें काय झालें? सीगल व शुस्टर यांनीं १९४७ सालीं हक्कांसाठीं दावा लावला. तडजोडींत कांहीं रक्कम मिळाली, परंतु काम गेलें आणि कथेवरचें नांवहि गेलें. शुस्टरची दृष्टि अधू होत चालली. १९७५ सालीं सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार अशी वार्ता पसरली, तेव्हां सीगलनें आपली कैफियत वृत्तपत्रांपुढें मांडली. नील अ‍ॅडम्स, जेरी रॉबिन्सन यांसारखे चित्रकार त्याच्या पाठीशीं उभे राहिले, आणि वर्षाच्या अखेरीस मालक कंपनीनें दोघांसहि दरसाल २०,००० डॉलर देण्याचें व निर्माते म्हणून त्यांचीं नांवें छापण्याचें कबूल केलें. बॅटमॅनच्या जडणघडणींत ज्याचा मोठा वांटा त्या बिल फिंगरचें नांव तर त्याच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनीं, २०१५ सालीं, अधिकृतपणें छापलें गेलें. शुस्टर १९९२ त वारला, सीगल १९९६ त. त्यांचा मानसपुत्र मात्र अद्यापि तिशीच्या आसपासच आहे.

तो तेथेंच कां थांबला, याची मीमांसा उंबेर्तो एको या इटालियन विद्वानानें १९६२ च्या एका निबंधांत केली आहे. तिचा आशय असा: पुराणांतील वीराची कथा पूर्वींच घडून गेलेली असते आणि श्रोत्यांना ती ठाऊक असते, कादंबरींत पुढें काय होणार याची उत्सुकता असते, आणि प्रत्येक कृतीबरोबर नायक थोडा थोडा झिजत मरणाकडे सरकतो. सुपरमॅनला दोन्हीहि व्हावयाचें आहे. त्यानें दरमहा कांहीं तरी नवें केलें पाहिजे, पण त्यामुळें झिजतां मात्र कामा नये. म्हणून त्याच्या कथांतील काळ धूसर ठेविला जातो, आणि प्रत्येक गोष्ट मागील गोष्टीचें ओझें न घेतां सुरू होते. एकोचें हें निदान वाङ्मयीन आहे. त्याला व्यवहाराची जोड दिली पाहिजे. विकत घेतलेली वस्तु झिजलेली कोणत्या मालकास परवडेल? लेखक आपल्या नायकाला मारूं शकतो, कारण नायक त्याचा असतो. पगारी लेखकाला दुसऱ्याच्या मालाची नासधूस करतां येत नाहीं.

यांतून वाट काढतां येण्यासारखी नव्हती असें नाहीं. आपल्याकडील पुष्कळ वाचकांना वेताळ आठवत असेल. मुंबईस टाइम्स ऑफ इंडियानें १९६४ सालीं सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून तो मराठींतहि अवतरला. ली फॉकनें १९३६ सालीं निर्मिलेल्या या वीराला जंगलांतील लोक अमर समजतात. वाचकाला मात्र खरें ठाऊक असतें: मुखवट्याखालीं आतां २१ वा पुरुष आहे, आणि त्याचे पूर्वज कवटीच्या गुहेंत विसावलेले आहेत. बाप मरतो, मुलगा मुखवटा चढवितो. अमर आहे तें व्रत, माणूस नव्हे. हा २१ वा पुरुषहि दशकानुदशकें तरुणच राहिला हें खरें. तथापि कथेच्या पायांत तरी मृत्यूचा दगड बसविलेला होता.

अमेरिकेंतील मार्व्हल कंपनींत १९६१ पासून स्टॅन ली, जॅक कर्बी व स्टीव्ह डिटको यांनीं निराळा प्रयत्न केला. त्यांनीं अतिमानवांच्या मागें पैशाची विवंचना, घरगुती भांडणें आणि अपराधाची टोंचणी लावून दिली. १९६२ त आलेला स्पायडरमॅन हा शाळकरी पोर होता. तो पुढें कॉलेजांत गेला. १९७३ सालीं त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून कोसळली, आणि तिला वांचविण्यासाठीं त्यानें टाकलेल्या जाळ्याच्या हिसक्यानेंच तिची मान मोडली. येथें काळ खरोखर वाहूं लागला होता. १९८७ त त्याचें लग्नहि झालें. परंतु विवाहित नायक प्रौढ दिसतो ही संपादकांची जुनी तक्रार. तेव्हां २००७ सालीं कथेंत सैतानाशीं सौदा घडवून, तें लग्न झालेंच नव्हतें असें ठरविण्यांत आलें. वीस वर्षें त्या दांपत्याबरोबर वाढलेल्या वाचकांना काय वाटलें असेल, याची कल्पना कोणासहि करतां येईल.

या वाङ्मयांतील उत्तम कृति निपजल्या त्या जेथें शेवटाची मुभा मिळाली तेथें. १९८६ सालीं फ्रँक मिलरनें ५५ वर्षांचा, सांधे कुरकुरणारा बॅटमॅन रंगविला, आणि त्याला ‘अखेरचा’ होऊं दिलें. त्याच वर्षीं सुरू झालेली ॲलन मूर व डेव्ह गिबन्स यांची १२ अंकांची ‘वॉचमेन’ याहून बोलकी आहे. मूरनें ती प्रथम कंपनीनें नुकत्याच विकत घेतलेल्या जुन्या वीरांवर योजिली होती. त्या कथेनंतर ते वीर पुन्हां वापरतां येणार नाहींत हें ध्यानीं येतांच संपादकानें त्यास नवीं पात्रें घ्यावयास सांगितलें. म्हणजे, ज्यांना संपविण्यास हरकत नव्हती अशीं पात्रें मिळालीं म्हणूनच ती कृति संपूर्ण झाली. आणि पुढें? २०१२ पासून मूरच्या इच्छेविरुद्ध तीं पात्रेंहि पुन्हां कामास जुंपण्यांत आलीं. २००५ ते २००८ या काळांत ग्रँट मॉरिसन व फ्रँक क्वाइटली यांनीं मरणोन्मुख सुपरमॅनचे अखेरचे दिवस १२ अंकांत चितारले. या लेखकाच्या मतें सुपरमॅनवर याहून सुंदर कांहीं लिहिलें गेलेलें नाहीं. कारण तेथें तो निरोप घेतांना दिसतो.

मृत्यूचा बाजारहि या वीरांच्या मालकांनीं मांडून पाहिला आहे. १९९२ च्या नोव्हेंबरांत सुपरमॅन मेला. काळ्या पिशवींत बंद केलेल्या त्या अंकाच्या लक्षावधि प्रति खपल्या, आणि १९९३ त तो परत आला. तेव्हांपासून या कथांतील मरण ही एक रजा होऊन बसली आहे. जर्सी सिटींतील पाकिस्तानी वंशाची कमला खान ही २०१४ पासूनची अत्यंत ताजी व लाघवी नायिका. तिला २०२३ च्या मे अखेरीस मारण्यांत आलें, तेंहि स्पायडरमॅनच्या अंकांत, आणि जुलै अखेरीस जिवंत करण्यांत आलें. आपल्याकडे वर्षश्राद्ध तरी होऊं देतात!

गेल्या कांहीं वर्षांत नव्या आरंभांची हौस वाढली आहे. २०२४ सालच्या ऑक्टोबरांत स्कॉट स्नायडर व निक ड्रॅगोटा यांनीं वडिलोपार्जित संपत्ति नसलेला, कष्टकरी वस्तींत वाढलेला बॅटमॅन पुढें आणला. तो जोमदार आहे. परंतु नवा आरंभ म्हणजे शेवट नव्हे. त्याच वर्षाच्या जानेवारींत जोनाथन हिकमन व मार्को केकेट्टो यांनीं सुरू केलेला स्पायडरमॅन मात्र आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. तो तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. घरीं बायको आणि दोन मुलें आहेत. २००७ त जें हिरावून घेतलें तेंच येथें परत दिलें आहे. शिवाय एक अंक म्हणजे एक महिना असा त्या कथेचा नेम: वाचकाचा महिना सरला कीं नायकाचाहि सरतो. चमत्कार त्याच्या जाळ्यांत नाहीं. त्याच्या दिनदर्शिकेंत आहे.

अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें १९३८ सालच्या त्या पहिल्या अंकावरील स्वामित्वहक्क ९५ वर्षांनीं संपतो. १ जानेवारी २०३४ रोजीं हिरवी मोटार उचलणारा तो मूळचा सुपरमॅन सर्वांचा होईल. एका वर्षानें बॅटमॅन. मागाहून पडलेली भर आपापल्या मुदतीनें सुटेल, व्यापारचिन्हांचे निर्बंधहि राहतील. तथापि रामकथा जशी एकनाथांनीं आपल्या परीनें सांगितली आणि श्रीधरानें आपल्या परीनें, तशी ही कथाहि ज्याला सांगावीशी वाटेल त्याला सांगतां येईल. बरेंचसें जें लिहिलें जाईल तें टाकाऊच असेल. पण कोणी तरी एक लेखक त्या वीराचे केस पिकूं देईल, त्याची दृष्टि शुस्टरप्रमाणें मंदावूं देईल, आणि त्याला त्याचा शेवट देईल. १३० डॉलरांचा तो व्यवहार तेव्हां कोठें पुरा झाला असें म्हणतां येईल.