हरभऱ्यावरील मर रोग आणि बुरशीनाशके

मर हा हरभऱ्याचा जमिनीतून उद्भवणारा प्रमुख बुरशीजन्य रोग होय. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी मुळांवाटे झाडात शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. त्यामुळे जमिनीत ओल असूनही झाड कोमेजते व वाळते. खोड उभे चिरल्यास आत तपकिरी-काळसर रेषा आढळते. शेतात हरभरा नसतानाही ही बुरशी सुमारे ६ वर्षे जमिनीत तग धरते.

रोग नलिकांत भिनल्यावर केलेली फवारणी सहसा निष्फळ ठरते. म्हणून बुरशीनाशकाचे खरे स्थान पेरणीपूर्वीच्या बीजप्रक्रियेत आहे. थायरम किंवा कार्बेन्डाझिम चोळलेल्या बियाण्यामुळे कोवळ्या रोपास संरक्षण मिळते. शेतातील बुरशी मात्र त्याने नष्ट होत नाही. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशीही बियाण्यास लावतात. परंतु कार्बेन्डाझिम तिलाही मारक असल्याने दोन्ही एकत्र वापरणे व्यर्थ ठरते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'विजय', 'दिग्विजय' यांसारखे रोगप्रतिकारक वाण आणि तृणधान्यांशी दीर्घ फेरपालट हाच टिकाऊ उपाय होय.