सँडवॉच
सँडवॉच : किनाऱ्याचे मोजमाप आणि त्याची राखण शाळकरी मुले, शिक्षक व स्थानिक रहिवासी यांच्या हाती देणारा, युनेस्कोच्या पाठबळाने वाढलेला उपक्रम. वाळूउपसा, चक्रीवादळे आणि पाण्याला भिडलेली बांधकामे यांमुळे कॅरिबियन बेटांच्या पुळणी झिजत होत्या. या पार्श्वभूमीवर 1998 मध्ये टोबॅगो येथे झालेल्या पर्यावरण-शिक्षण कार्यशाळेतून या उपक्रमाचा उगम झाला. पुढे हिंदी व पॅसिफिक महासागरांतील बेटांनीही तो स्वीकारला.

साधनांचा साधेपणा हे याचे खरे बळ. पक्क्या इमारतीचा कोपरा किंवा जुने झाड ही खूण धरून भरतीरेषेपर्यंतचे अंतर फितीने मोजतात. तेच मोजमाप त्याच जागी ठरावीक काळाने पुन्हा घेतात. लागोपाठ अकरा लाटा फुटायला लागलेल्या वेळेला दहाने भागले की लाटेचा आवर्तकाल मिळतो. वाळूच्या कणांचा आकार, प्रवाहाची दिशा, पाण्याची प्रत, वाहून आलेला कचरा यांचीही नोंद होते. एका दिवसाचा आकडा फारसे काही सांगत नाही, कारण किनारा ऋतूगणिक रुंदावतो आणि आक्रसतो. म्हणून सातत्य उपकरणाहून मोलाचे.

मोजणे, विश्लेषण, माहिती वाटणे आणि कृती असे याचे चार टप्पे. शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल; त्याविना नोंदवह्या कपाटातच राहतात. गिलियन केंबर्स यांनी सहलेखकांसह लिहिलेल्या या उपक्रमाच्या मार्गदर्शिकेच्या 2010 च्या आवृत्तीत हवामानबदलाशी जुळवून घेण्यावर भर आहे.