तोटी कोण उघडणार?

शनिवारी सकाळी मी आणि ऑफिसमधले दोघं मित्र नवी मुंबईत डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीत पोरांना गणित शिकवायला जातो. गेल्या वेळी चौथीतली सगळ्यात हुशार मुलगी गैरहजर. विचारलं तर पोरं म्हणाली, "टँकर आलाय ना, सर!" शाळेच्या दिवशीही असंच होतं म्हणे. घरी आलो आणि पाण्याचा इतिहास वाचत बसलो.

१९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा दाखल झाला. तहान लागली तरी त्याला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने तोटी उघडली तरच पाणी. शिपाई नसला, की बसा तहानलेले!

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, आणि त्याच ठरावात सरकारी शाळा आणि दवाखानेही. पाणी, शाळा, दवाखाना एकत्र! महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, पण ते कागदावरच. प्रत्यक्ष ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला.

आता आपल्या शहराकडे येऊ. २००२ साली नवी मुंबई महानगरपालिकेने खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण ताब्यात घेतलं. क्षमता रोज ४५ कोटी लिटर. स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका देशात मोजक्याच. अभिमान वाटतोच. (त्यासाठी तिथल्या गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हेही विसरू नये.)

पण धरण भरलं म्हणून पोराचा पेला भरत नाही. शेवटच्या टप्प्यात पाइप नसला, की टँकर आला. मग घरात पिंप आलं, पिंपात बुडणारा हात आला, आणि पाठोपाठ जुलाब. वारंवार जुलाब होणाऱ्या पोराच्या अंगी खाल्लेलं लागत नाही. वाढ खुंटते, शाळा बुडते. आजारी पडलं नाही, तर हंडा घेऊन रांगेत उभं राहताना बुडते.

१५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 'पाणी हक्क समिती'च्या याचिकेवर निकाल दिला. घर बेकायदा असलं तरी त्यात राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, कारण घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात पाणी येतं. मात्र अधिकृत घरांइतकंच पाणी द्या, असं काही न्यायालयाने म्हटलं नाही.

तेव्हा जात आडवी येत होती, आज कागदपत्रं येतात. दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. पण ठराव झाल्यावर तळ्यापर्यंत पोचायला साडेतीन वर्षं लागली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. हक्क लिहिला जातो एकदा, तोटी मात्र रोज उघडावी लागते.

असो. तूर्तास आम्ही क्लासची वेळ बदलली आहे. टँकर गेल्यानंतर, दुपारी. हा इलाज नव्हे, हे मलाही कळतं. तुम्हाला काय वाटतं?