जे कुजतं ते मोजलं, जे टिकतं त्याचं काय?

बेलवलीहून बदलापूर स्टेशनला येऊन कल्याणची लोकल पकडलीत, की विठ्ठलवाडीच्या पुढे वालधुनीचा वास येतो. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी हीच ती नदी. प्रश्न असा पडतो, की कायदे नव्हते का?

होते, आणि लवकर होते. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा 1969 मध्ये केला. 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं राहिलं. केंद्राचा जल कायदा आला तो 1974 मध्ये.

मग अडलं कुठे? अंमलबजावणी ढिली होती, हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. दुसरा अर्धा भाग मोजमापात आहे. सांडपाण्याच्या मानकांत सर्वात ठळक आकडा बीओडीचा: जिवाणूंना सेंद्रिय घाण खायला किती ऑक्सिजन लागतो, तो. आपल्याकडे ही चाचणी 27 अंश सेल्सिअसला 3 दिवस चालते. म्हणजे जे कुजतं, तेच यात दिसतं. चिवट रसायनाचा दोषच हा, की ते कुजत नाही! म्हणून सोबत सीओडी बघायचा. नदीत सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा बीओडीला लिटरमागे 30 मिलिग्रॅम, सीओडीला 250. दोन्हींत फार तफावत दिसली, तर जिवाणूंना न पचणारं काहीतरी आहे अशी शंका घ्या. मात्र ते नेमकं कोणतं, हे सीओडीही सांगत नाही.

नावानिशी बंदी खूप उशिरा आली. स्टॉकहोम करार 2001 चा, सुरुवातीला 12 रसायनांचा. भारताने तो 2006 मध्ये मान्य केला आणि आणखी सात रसायनांवर बंदी घालणारे नियम 2018 मध्ये काढले. मधल्या काळात, नोव्हेंबर 2014 मध्ये, उल्हासनगरात टँकरमधून वालधुनीत रसायन ओतलं गेलं आणि कितीतरी लोकांना श्वास घेता येईना, दवाखान्यात न्यावं लागलं. 2015 मध्ये 'वनशक्ती'च्या अर्जावर हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणासाठी दंड ठोठावला.

तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल, तर जुने अहवाल वाचताना दोन रकाने करा: काय मोजलं, आणि काय मोजलंच नाही. 'मर्यादेत आहे' याचा अर्थ 'सुरक्षित आहे' असा होत नाही. पाणी वाहून जातं, पण चिवट रसायनं गाळात बसतात. त्यामुळे नमुना घ्यायला जाल, तेव्हा बाटलीबरोबर गाळासाठीही डबा न्या.