पहिल्या नंबरची हमी

परवा मामेभावाचा फोन आला. त्याच्या संकेतस्थळाला कुणीतरी 'गुगलवर पहिला नंबर, लेखी हमी' देत होतं. वर्षाचे पैसे आगाऊ. मला एकदम बीएमडब्ल्यू आठवली.

त्यांच्या जर्मन संकेतस्थळावर खास शोधयंत्रासाठी रचलेली पानं होती, 'जुन्या गाड्या' हे शब्द ठासून भरलेली. माणूस तिथे आला की जावास्क्रिप्ट त्याला लगेच दुसऱ्याच चकचकीत पानावर नेई. फेब्रुवारी २००६ मध्ये गुगलने अख्खं संकेतस्थळच यादीतून काढलं. ती पानं हटवल्यावर काही दिवसांत परतही घेतलं. (मोठ्यांचं बरं असतं!)

२०११ मध्ये जेसी पेनी ही अमेरिकन दुकानांची कंपनी सापडली. दुवा म्हणजे शिफारस, ही पेजरँकची १९९८ पासूनची कल्पना. इथे भलत्याच संकेतस्थळांवर पैसे देऊन हजारो शिफारशी पेरलेल्या! न्यूयॉर्क टाइम्सने ते उघड केलं. कंपनी म्हणाली, आम्हाला कल्पना नव्हती, आणि सल्लागाराला काढलं. घसरलं मात्र कंपनीचंच नाव.

भावाला म्हटलं, "त्याला एवढंच विचार, माझ्या पानांवर नेमकं काय बदलणार आणि दुवे कुठून आणणार?"

संध्याकाळी पुन्हा फोन. "दादा, तो म्हणतो ते धंद्याचं गुपित आहे."

पैसे सकाळीच पाठवून झाले होते.