कयाकखालचा इतिहास
राजूरहून वर शेंडीला गेलात की भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. आपण कयाक घेतो, रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या दिशेने वल्हवतो आणि म्हणतो, काय निसर्ग आहे! पण हा जलाशय निसर्गाने दिलेला नाही. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये प्रवरेवर विल्सन धरण पूर्ण झालं, ते खालच्या भागातल्या शेतीला कालव्याने पाणी देण्यासाठी. म्हणूनच उन्हाळ्यात आवर्तनं सुटली की काठ मागे सरकतो आणि कयाक चिखलातून ओढत न्यावी लागते. तो चिखलही एक पुरावाच आहे. संशोधनाचा विषय निवडताना ‘काय दिसतं?’ एवढ्यावर थांबू नका. पाणी कोणासाठी अडवलं आणि त्याखाली कोणाची जमीन गेली, हेही विचारा.